‘आवाज न करणारं टार्गेट आहे का?’ या ग्राहकाला तुम्ही काय द्याल?

व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून आजचा विषय इथे सविस्तर लिहितोय. स्पोर्ट्सचं दुकान असेल तर थेट उपयोगी पडेल. नसेल तरी वाचा, कारण ‘प्रश्न विचारून विक्री’ हाच धडा आहे.

२०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकारही असणार आहे. साहजिकच, मुलाला तिरंदाजीला घातलेला पालक आज दुकानात येतो. मैदान लांब, पावसाळ्यात सराव बंद, आणि घर म्हणजे फ्लॅट. मग तो विचारतो, “घरात लावता येईल असं, आवाज न करणारं टार्गेट आहे का?”

इथे बरेच दुकानदार सगळ्यात महागडं टार्गेट पुढे करतात. विक्री होते. तिसऱ्या दिवशी खालचे काका वर येतात, टार्गेट कपाटामागे जातं, मुलाचा सराव थांबतो आणि तुमचा ग्राहकही जातो.

आवाज येतो कुठून?

तीन ठिकाणांहून. एक, बाण सुटल्यावर धनुष्याच्या दोरीतून. दोन, बाण टार्गेटवर आदळताना. तीन, टार्गेटचा धक्का भिंतीला आणि फरशीला बसतो तिथून. नवीन टार्गेट फक्त दुसरा आवाज कमी करतं. शेजाऱ्याला त्रास होतो तो बहुतेक वेळा तिसऱ्याचा, कारण धक्का स्लॅबमधून थेट खालच्या घरात उतरतो. हे ग्राहकाला आधीच सांगा. पूर्ण शांत टार्गेट नसतं. ‘आवाज शून्य’ असं म्हणून विकाल तर वस्तू परत येणार हे धरून चाला.

विकण्याआधी चार प्रश्न

१. धनुष्य कोणतं, किती पाउंडाचं? बाणाची ताकद वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. २० ग्रॅमचा बाण सेकंदाला ५० मीटर वेगाने गेला तर त्यात २५ ज्यूल ऊर्जा असते. तोच ८५ मीटरने गेला तर सुमारे ७२, म्हणजे जवळपास तिप्पट! १८-२० पाउंडाच्या शिकाऊ रिकर्व्हला चालणारं टार्गेट कंपाउंडला चालेलच असं नाही. फ्लॅटमध्ये कंपाउंड चालवणाऱ्याला मी सरळ सांगतो, “घरात नको, मैदानावरच करा.”

२. अंतर किती मिळतं? इनडोअर स्पर्धा १८ मीटरवर होते. फ्लॅटमध्ये मिळतात ३ ते ५ मीटर. घाबरू नका, घरातला सराव नेम धरण्यासाठी नसतोच. जवळून, वर्तुळं नसलेल्या कोऱ्या टार्गेटवर बाण सोडायचे आणि उभं राहणं, ओढणं, सोडणं पक्कं करायचं. मोठे खेळाडूही हे करतात.

३. टार्गेटच्या मागे काय आहे? काच, खिडकी, दार किंवा दुसऱ्याचं घर असेल तर तिथे टार्गेट लावायचंच नाही.

४. सराव किती वाजता? ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ धरली आहे. त्या वेळेत बाण नकोच.

मग कोणतं टार्गेट?

*कापडाची बॅग:* हलक्या धनुष्यासाठी घरात सगळ्यात शांत. बाण एकदम न थांबता आत सरकत सरकत थांबतो, म्हणून ‘ठप्प’ कमी. बाण दोन बोटांनी निघतो. तोटा असा की भरलेलं कापड हळूहळू खाली बसतं आणि वरचा भाग पोकळ होतो. अधूनमधून बॅग उलटी करून दाबून भरावी लागते.

*थराथराचा फोम:* पट्ट्या घट्ट दाबून बांधलेल्या असतात आणि बाण दोन थरांच्या मध्ये शिरतो. आवाज मध्यम, वजन कमी, उचलून ठेवायला सोपं. लहान घराला हे बरं.

*अखंड कडक फोम:* टिकाऊ, पण आवाज जास्त. बाण घर्षणाने गरम होऊन चिकटतो, ओढताना घाम फुटतो. बाणाच्या पुढच्या भागाला साबणाची वडी घासली तर थोडं सोपं जातं.

*थर्माकोल आणि प्लायवूड:* दोन्ही नकोत. थर्माकोलमधून बाण आरपार जातो. प्लायवूडवरून तो उसळतो किंवा मोडतो, आणि आवाज सगळ्यात मोठा.

बजेट कमी असलेल्या ग्राहकाला घरी बॅग करायला शिकवा. धान्याची मजबूत विणलेली गोणी घ्यायची आणि शिंप्याकडची कातरण, जुने कपडे ठासून भरायचे. बटणं, चेन, हूक आधी काढायचे, नाहीतर बाण खराब होतो. भरल्यावर एक बाण सोडून किती आत गेला ते बघायचं. टोक मागच्या बाजूच्या जवळ पोहोचत असेल तर अजून भरायचं. टोक साधं गोल हवं, पात्याचं अजिबात नको. “मग माझी विक्री?” असं विचाराल. अहो, गोणी त्याची, पण बाण, आर्मगार्ड, दोरी तो तुमच्याकडूनच नेणार!

लावायची पद्धत: इथे अर्धा आवाज जातो

- टार्गेट भिंतीला टेकवू नका, वीतभर अंतर ठेवा.
- खाली जिममध्ये असते तशी जाड रबर मॅट किंवा दुमडलेली जुनी गादी.
- कागदी टार्गेट फेस लावू नका. ताणलेला कागद ढोलाच्या कातड्यासारखा वाजतो. खडूचा ठिपका पुरे.
- मागे जाड सतरंजी सैल लोंबती सोडा. चुकलेला हलका बाण ती बराचसा अडवते. पण ती जास्तीची काळजी झाली, टार्गेटला पर्याय नव्हे.
- रोज जागा थोडी बदला. एकाच ठिकाणी मारलं की भोक पडतं आणि बाण पार जातो.

न विसरता सांगायचं

खोलीचं दार आतून बंद. टार्गेटच्या दिशेला माणूस, मूल, मांजर काहीही नको. दर वेळी बाणाला तडा गेलाय का बघायचं. आणि आवाज टाळायला बाण न लावता रिकामी दोरी कधीच सोडायची नाही. सगळी ताकद धनुष्यातच राहते आणि त्याची पाती फुटू शकतात. रात्री सराव हवाच असेल तर बाणाशिवाय, रबराच्या पट्ट्याने. आवाज शून्य आणि खर्चही कमी.

आता हिशेब

किंमत विचारली की नुसता आकडा सांगू नका, प्रति बाण सांगा. समजा टार्गेट ३,००० रुपयांचं आहे आणि मुलगा रोज ५० बाण, महिन्यात २० दिवस मारतो. महिन्याला १,००० बाण झाले. सहा महिने टिकलं तर एका बाणाला ५० पैसे. हेच गणित १,२०० च्या दोन महिने टिकणाऱ्या टार्गेटला लावा. एका बाणाला ६० पैसे पडतात. ग्राहक स्वतःच ठरवतो, तुम्हाला ओढाताण करावी लागत नाही.

आजचा गृहपाठ: तुमच्या दुकानातली अशी एक वस्तू निवडा जी ग्राहक ‘आवाज न करणारी’, ‘न तुटणारी’, ‘कायम टिकणारी’ म्हणून मागतो. ती देण्याआधी विचारायचे चार प्रश्न कागदावर लिहा आणि गल्ल्याशेजारी चिकटवा. उद्याच्या पहिल्या ग्राहकापासून वापरायला लागा.