दारू सुटल्यानंतरची सभा

दारू सोडणे आणि सोडलेली दारू पुन्हा न धरणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम रुग्णालयातील काही दिवसांत किंवा व्यसनमुक्ती केंद्रातील काही आठवड्यांत होऊ शकते. दुसरे मात्र घरी परतल्यावर, त्याच गल्लीत, त्याच मित्रांमध्ये आणि पगाराच्या त्याच संध्याकाळी सुरू होते आणि वर्षानुवर्षे चालते. या दुसऱ्या कामासाठी जगभर स्वमदत गट उभे राहिले. एकाच आजारातून गेलेली माणसे कोणा तज्ज्ञाच्या देखरेखीविना नियमित एकत्र येतात आणि परस्परांना सावरतात, असे या गटांचे स्वरूप असून त्यांतील सर्वाधिक पसरलेला गट म्हणजे ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’, अर्थात ए.ए.

या चळवळीचा आरंभ १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन शहरात झाला. शेअर बाजारात वावरणारे बिल विल्सन काही महिन्यांपूर्वीच दारूतून बाहेर पडले होते आणि एक व्यवहार फसल्यामुळे पुन्हा पिण्याच्या काठावर आले होते. त्या अवस्थेत त्यांनी सल्लागार न शोधता आपल्यासारखाच दुसरा मद्यपी शोधला आणि त्यांची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. दुसऱ्याला आपली हकिकत सांगितल्याने सांगणाराच आधी सावरतो, हा त्या भेटीत आलेला अनुभव आजही प्रत्येक सभेचा पाया आहे. उपदेश करणारा आणि ऐकणारा असा भेद तेथे उरत नाही, आणि घरीदारी वर्षानुवर्षे बोलणी खाल्लेल्या माणसाला ही बरोबरी औषधाइतकीच आवश्यक असते. भारतात ए.ए.चे काम १९५७ पासून सुरू असून महाराष्ट्रात आणि गोव्यात अनेक ठिकाणी, बहुधा शाळांच्या किंवा चर्चच्या खोल्यांत, मराठी, हिंदी, कोकणी आणि इंग्रजीतून सभा भरतात.

सभा साधारण तास-दीड तास चालते. सूत्रसंचालन सदस्यांपैकीच कोणी करतो, आणि ज्याची इच्छा असेल तो उभा राहून आपले नाव सांगतो, स्वतःला मद्यपी म्हणवतो व आपला अनुभव मांडतो. त्याला ‘शेअरिंग’ म्हणतात. बोलणाऱ्याला मध्येच टोकण्याची किंवा सल्ला देण्याची सर्वसाधारणपणे पद्धत नाही, आणि नवख्याने नुसते ऐकले तरी चालते. सदस्यत्वाला दारू थांबवण्याची इच्छा एवढीच अट आहे. शुल्क नसते, खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो आणि बाहेरून देणगी स्वीकारली जात नाही. खुल्या सभेला नातेवाईक, विद्यार्थी किंवा केवळ जिज्ञासू व्यक्तीही बसू शकते, बंद सभा मात्र मद्यपींपुरतीच असते, म्हणून जाण्यापूर्वी हा भेद विचारून घ्यावा. सभेत ऐकलेले आणि पाहिलेले बाहेर बोलायचे नाही, हा निनावीपणाचा नियम लहान गावात विशेष मोलाचा ठरतो, कारण तेथे बदनामीची भीतीच अनेकांना दारापासून परत फिरवते.

पहिली सभा न आवडणे अगदी स्वाभाविक आहे, आणि एका सभेवरून सगळ्या पद्धतीविषयी मत बनवणे ही नवख्यांची सर्वांत महागात पडणारी घाई असते. गटागटाचा स्वभाव निराळा असतो. कोठे वयस्कांचा भरणा, कोठे तरुणांचा, तर कोठे स्त्रिया जवळजवळ नसतातच. मद्यपी स्त्रीला समाजात दुहेरी कलंक सोसावा लागत असल्याने ही उणीव गंभीर आहे. स्त्रियांसाठी वेगळ्या किंवा ऑनलाइन सभा उपलब्ध असतील तेथे त्यांचा शोध अवश्य घ्यावा. काही सभांनंतर जुन्या, स्थिर सदस्याला ‘स्पॉन्सर’, म्हणजे ओढ अनावर झाली की फोन करावा असा सोबती, होण्याची विनंती करता येते.

ए.ए.च्या बारा पायऱ्यांत, म्हणजे सदस्याने क्रमाने आचरायच्या तत्त्वांत, ईश्वराचा उल्लेख येतो आणि नास्तिकांना तो अडतो. मात्र ईश्वर म्हणजे काय हे ठरवण्याची मोकळीक प्रत्येकाला आहे आणि समूहालाच आपल्याहून मोठी शक्ती मानणारे सदस्यही असतात. परिणामकारकतेचा प्रश्न आता केवळ श्रद्धेचा राहिलेला नाही. कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा रुग्णाला पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून देणारे उपचार सलग मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित मानसोपचारांहून सरस ठरल्याचे दिसले. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रानेही उपचारानंतरच्या पाठपुराव्याला आणि रुग्णांच्या पत्नींच्या गटाला महत्त्व दिले, कारण आजार एकाचा असला तरी तो सगळे घर भोगते. अशा कुटुंबीयांसाठी ‘अल-अॅनॉन’ हा स्वतंत्र गट १९५१ पासून कार्यरत आहे.

तरीही सभा म्हणजे वैद्यकीय उपचार नव्हे. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, तर हातापायांना कंप सुटणे, आकडी येणे, भ्रम होणे अशी लक्षणे उद्भवू शकतात आणि क्वचित जीवही जातो. म्हणून अशा व्यक्तीने आधी डॉक्टर गाठावा आणि सभेला मागाहून जावे. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन विनाशुल्क असून पिणारा स्वतः तयार नसेल, तर त्याच्या घरच्यांनी त्याची वाट न पाहता तेथे फोन करावा.