दोन आंसांमधील अंतर

मोटारीच्या पुढच्या आंसापासून मागच्या आंसापर्यंतच्या अंतरास ‘व्हीलबेस’ म्हणतात. गाडी घेणारा रंग पाहतो, लांबी विचारतो. हा आंकडा सहसा विचारीत नाहीं. मारुती ८०० मध्यें तो २१७५ मिलिमीटर होता, अँबॅसडरमध्यें सुमारें २४६४. फरक वितीहून थोडासाच अधिक. परंतु पुढचीं चाकें सारखींच वळविलीं तरी लांब अंतराची गाडी मोठें वर्तुळ घेते, आणि तिचीं मागचीं चाकें वळणाच्या आंतल्या अंगास अधिक सरकतात. अरुंद बोळांत कोपऱ्यावरच्या ओट्याला मागचें दार घासतें, तें ह्याचमुळें.

उलटपक्षीं तेवढ्याच खड्ड्यानें तोकडी गाडी अधिक कलते, आणि ब्रेक दाबतांच तिच्या पुढच्या चाकांवर भारहि अधिक पडतो. मागच्या आसनावर बसणाऱ्या वृद्धांस हें सांगावयास नको! लांब गाडीचें पोट मात्र गतिरोधकावर टेकतें.

अलेक इसिगोनिस यांनीं १९५९ च्या ‘मिनी’ गाडींत ह्यावर काढलेली तोड मला फार आवडते. त्यांनीं एंजिन आडवें बसविलें, लहानगीं चाकें अगदीं कोपऱ्यांत नेलीं, आणि अवघ्या १० फूट लांबीपैकीं सुमारें ८० इंच दोन आंसांच्या मध्यें राखले. एवढ्याशा गाडींत चार प्रौढ माणसें मावत.