अनन्य दफनाधिकाराचे हस्तांतरण : इंग्लंड व वेल्समधील विधिव्यवस्था

दफनभूमीतील जागा ‘विकत घेतली’ असे व्यवहारात सर्रास म्हटले जाते; विधिशास्त्राच्या दृष्टीने मात्र हे विधान अचूक नव्हे. इंग्लंड व वेल्समधील स्थानिक संस्थांच्या दफनभूमीत जमिनीचे स्वामित्व त्या संस्थेकडेच राहते. मूल्य देणाऱ्यास मिळतो तो केवळ विशिष्ट कबरीत कोणाचे दफन व्हावे हे ठरविण्याचा अनन्य अधिकार. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे हस्तांतरणाच्या नियमांची संगती लागते.

या अधिकाराचे स्वरूप एकोणिसाव्या शतकात निश्चित झाले. खाजगी कंपन्यांच्या दफनभूमींसाठी झालेल्या 1847 च्या अधिनियमाने अनन्य दफनाधिकार ही धारकाची वैयक्तिक संपत्ती मानली; ती हयातीत दुसऱ्याच्या नावे करता येईल अथवा मृत्युपत्राने देता येईल, असे सांगितले. स्थानिक संस्थांच्या दफनभूमींना आज 1977 चा आदेश लागू आहे. त्यातही लेख किंवा मृत्युपत्र हेच हस्तांतरणाचे मार्ग होत. मात्र नव्याने दिलेल्या अधिकाराची मुदत 100 वर्षांहून अधिक असू शकत नाही, आणि धारक बदलल्याने ती मुदत वाढत नाही.

धारक हयात असता प्रश्न सोपा असतो. तो रीतसर हस्तांतरणलेख करून देतो व संस्था आपल्या नोंदवहीत नव्या धारकाचे नाव दाखल करते. केवळ तोंडी शब्द देणे किंवा मूळ अधिकारपत्राचा कागद हाती सोपविणे पुरेसे नसते.

खरी गुंतागुंत धारकाच्या मृत्यूनंतर उद्भवते. अधिकार ही संपत्ती असल्यामुळे ती मृताच्या इस्टेटीचा भाग बनते. मृत्युपत्र असल्यास त्याचा व्यवस्थापक प्रोबेटच्या आधारे, आणि मृत्युपत्र नसल्यास न्यायालयाने अधिकार दिलेला प्रशासक, लेखी संमतिपत्राने हक्कदाराचे नाव लावून घेतो. इस्टेट लहान असून प्रोबेट काढलेले नसेल, तर पुष्कळ संस्था शपथपूर्वक केलेले प्रतिज्ञापत्र व इतर हक्कदारांच्या लेखी संमती स्वीकारतात.

येथे तीन गैरसमज वारंवार आढळतात. निकटचे नाते म्हणजे अधिकार नव्हे. अंत्यविधीचा खर्च करणारा त्यामुळे धारक ठरत नाही. आणि ज्याच्यापाशी अधिकारपत्र आहे तोच धारक असेल, असेही नाही.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. कबरीचा अधिकार पित्याच्या नावे होता. त्याने सर्व संपत्ती पत्नीस दिली, पण नोंद बदलली गेली नाही. पुढे पत्नीने आपली संपत्ती दोन मुलांस समान दिली व तीही निवर्तली. आता मुलांना पित्याकडून थेट अधिकार घेता येत नाही. प्रथम पित्याकडून मातेकडे, नंतर मातेकडून मुलांकडे, असे दोन्ही टप्पे कागदोपत्री सिद्ध करावे लागतात. त्यानंतरही दोघे सहधारक ठरत असल्याने स्मारकशिला बसविण्यास एकाची सही सामान्यतः पुरत नाही. बंधुभगिनींत वाद झाल्यास संस्था निवाडा करीत नाही. तो पक्षकारांनी आपसांत किंवा न्यायालयात मिटवावा लागतो.

दिरंगाईचे परिणाम अशा प्रसंगी जाणवतात. 1977 च्या आदेशानुसार धारकाच्या लेखी संमतीवाचून त्या कबरीत दफन करता येत नाही व शिलाही उभारता येत नाही. खुद्द धारकाचे दफन मात्र याला अपवाद आहे. त्यामुळे धारक त्या कबरीत पुरला जातो आणि त्याच क्षणी पुढील संमती देणारा कोणीच उरत नाही. कुटुंबातील दुसरा मृत्यू घडेपर्यंत ही उणीव कोणाच्या लक्षात येत नाही. आणि लक्षात येते तेव्हा कागदपत्रे जमविण्यास अवधी नसतो.

न वापरलेल्या अधिकारासही मर्यादा आहे. कायमचा किंवा 75 वर्षांहून दीर्घ मुदतीचा अधिकार 75 वर्षांत वापरला गेला नाही, तर संस्था धारकास सूचना देऊन तो संपुष्टात आणू शकते. धारकाने तो राखण्याचा इरादा वेळीच कळविल्यास मात्र तो टिकतो. जुन्या पत्त्यावर गेलेली सूचना वारसांपर्यंत पोहोचणे दुरापास्त, हे उघड आहे.

सारांश, येथे हस्तांतर होते ते भूमीचे नव्हे, तर निर्णयाधिकाराचे. म्हणूनच धारकाने मृत्युपत्रात या अधिकाराचा स्वतंत्र उल्लेख करणे, आणि वारसांनी मृत्यूनंतर लगेच नोंद बदलून घेणे, हाच पुढील कलह टाळण्याचा सर्वांत सुलभ उपाय होय.