टी-शर्टवरच्या त्या पांढऱ्या रेषा म्हणजे डोंगर नाहीत, एका मेलेल्या ताऱ्याचे ठोके आहेत!

काळा टी-शर्ट आणि छातीवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेषा. नांदेडचं वजिराबाद असो नाहीतर लातूरची गंजगोलाई, हे डिझाइन कुणाच्या ना कुणाच्या अंगावर तुम्ही पाहिलं असेलच. कुणाला ते डोंगर वाटतात, कुणाला ईसीजी.

खरं तर हे एका गाण्याच्या रेकॉर्डचं कव्हर आहे.

जून १९७९. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या ‘जॉय डिव्हिजन’ या बँडचा ‘अननोन प्लेजर्स’ हा पहिला अल्बम आला. त्याआधीच्या पंक बँड्सची कव्हर्स म्हणजे भडक रंग आणि पेपरातून कापून चिकटवल्यासारखी अक्षरं. पंकनंतरच्या, म्हणजे पोस्ट-पंकच्या या बँडनं उलटं केलं. कव्हरवर समोर बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही, गायकाचा फोटोही नाही. काळोख आणि रेषा, बस्स.

बँडला हे चित्र खगोलशास्त्राच्या एका ज्ञानकोशात सापडलं. मूळ चित्रात पांढऱ्यावर काळ्या रेषा होत्या. २३ वर्षांच्या पीटर सॅव्हिल या डिझायनरनं रंग उलटे केले आणि कव्हरवर रात्रीचं आकाश उतरलं.

पण या रेषा आहेत कशाच्या?

पल्सर म्हटलं की आपल्याकडे आधी बाईक आठवते. पण पल्सर म्हणजे मोठा तारा फुटल्यावर उरलेला, गरगर फिरणारा गाभा. त्याचा रेडिओ झोत दीपगृहासारखा फिरत पृथ्वीवर येतो. कव्हरवरचा पल्सर दर १.३३७ सेकंदाला एक ठोका देतो. एक ठोका म्हणजे एक रेषा. अशा ८० रेषा एकाखाली एक मांडल्या की झालं चित्र! म्हणजे अख्खं कव्हर जेमतेम पावणेदोन मिनिटांचं आहे.

हा आलेख हॅरोल्ड क्राफ्ट यांच्या १९७० च्या पीएचडी प्रबंधातला. तो रेकॉर्डवर छापलाय हे त्यांना नंतर कळलं. तेव्हा त्यांनी दुकानात जाऊन स्वतःच तो अल्बम विकत घेतला!

आणि हा तारा शोधला कुणी?

१९६७ मध्ये जोसलिन बेल या २४ वर्षांच्या केंब्रिजच्या विद्यार्थिनीनं. सापडलेला हा पहिलाच पल्सर. पण १९७४ चं नोबेल मिळालं तिचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश आणि मार्टिन राइल यांना. तिचं नाव यादीत नव्हतं. २०१८ मध्ये तिला ३० लाख डॉलर्सचा पुरस्कार मिळाला, तेव्हा तिनं ती सगळी रक्कम भौतिकशास्त्र शिकू पाहणाऱ्या वंचित विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकली.

नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याजवळ, लायगो-इंडिया प्रयोगशाळा उभी राहतेय. पल्सरसारख्या ताऱ्यांच्या टकरीतून उठणाऱ्या लहरी तिथं टिपल्या जातील. उद्या मराठवाड्यातली एखादी पोरगीही तिथल्या आलेखात काहीतरी नवं शोधेल.

तेव्हा तिचं नाव यादीतून सुटू नये, एवढंच.