जुन्या संगणकाला निरोप देण्यापूर्वी

दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुरुग्राम या नगरांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक अद्याप नांदत असल्याचे पुष्कळदा आढळते. मुलांचा अभ्यास, विजेचे देयक, गावाकडच्या मंडळींची पडद्यावरील भेट ही सारी कामे त्याने निमूटपणे पार पाडलेली असतात. अलीकडे मात्र तो सुरू व्हावयासच पाच मिनिटे लावतो, उन्हाळ्यात घरघरतो, क्वचित मध्येच बंद पडतो. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा सुरक्षा-पुरवठा थांबविला; आणि विंडोज ११ साठी घातलेल्या अटींत साधारणतः २०१८ पूर्वीची यंत्रे बसत नाहीत. तेव्हा ‘आता हा कबाड्याला देऊन टाकावा’ असा विचार घरात सुरू होतो. नवे यंत्र घ्यावयाचे म्हणजे महिन्याच्या मिळकतीचा मोठा हिस्सा जावयाचा. म्हणून यंत्र खरोखरच वृद्ध झाले आहे, की नुसते आजारी आहे, याची आधी परीक्षा करणे शहाणपणाचे ठरेल.

दिल्लीत हा आजार बहुधा धुळीचा असतो. मे-जूनमधील आंधी घराच्या बंद खिडक्यांनाही दाद देत नाही. ती बारीक माती संगणकाच्या पंख्यावर आणि त्याखालील धातूच्या जाळीदार पट्ट्यांवर बसते व हळूहळू तिचे नमद्यासारखे अस्तर तयार होते. मग उष्णता बाहेर पडावयाची कशी? बाहेर पारा ४५ अंशांवर असताना आतला प्रोसेसर तापत जातो. १०० अंशांच्या आसपास पोहोचल्यावर बहुतेक प्रोसेसर जीव वाचविण्यासाठी आपली गती स्वतःहून कमी करतात, आणि तरीही ताप उतरला नाही तर यंत्र बंद होते. घरच्यांना वाटते, यंत्र संपले. वस्तुतः त्याचा श्वास कोंडलेला असतो.

मेजावरच्या संगणकाची साफसफाई घरीही करता येते. वायर भिंतीतून काढून घ्यावी आणि मग सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. बाजूचे झाकण उघडून मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ सोडवावी आणि थंड हवेच्या झोताने बाहेर काढावी. झोत देताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. तो भन्नाट फिरू दिल्यास त्याचे बेअरिंग खराब होते. घर झाडावयाचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये, कारण त्याच्या नळीच्या तोंडाशी स्थिर विद्युत निर्माण होते. ओले फडके तर नकोच. लॅपटॉपचे अंतरंग नाजूक असल्याने ते काम जाणत्याकडे सोपविलेले बरे. त्याच वेळी प्रोसेसर व पट्ट्या यांमधील उष्णतावाहक लेप वाळला असल्यास तोही बदलून घ्यावा.

संगणक सुरूच होत नाही आणि नुसता ‘बीप बीप’ करतो, असेही घडते. अशा वेळी रॅमची पट्टी खाचेतून काढून तिचे सोनेरी दात शाळकरी मुलाच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसावेत, चुरा झटकावा आणि पट्टी ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत बसवावी. हा उपाय हास्यास्पद वाटला तरी पुष्कळदा लागू पडतो. दररोज सकाळी संगणकाचे घड्याळ भलताच दिनांक दाखवीत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला असे समजावे. त्यावर सीआर २०३२ असा क्रमांक असतो. तो तीन व्होल्टचा सेल अगदी स्वस्तात मिळतो, आणि तो बदलला की तक्रार मिटते.

येथील ऋतूंचेही थोडे भान ठेवावयास हवे. उन्हाळ्यात पाण्याच्या कूलरचा झोत संगणकावर येऊ देऊ नये. त्या दमट हवेने आतील धूळ चिकट होते. हिवाळ्यात मुले रजईत बसून लॅपटॉप रजईवरच ठेवतात, त्यामुळे त्याची हवेची छिद्रे बुजतात. खाली लाकडी पाट सरकविला की काम भागते. कोरड्या थंडीत लोकरीचा स्वेटर काढताना ठिणग्या उडतात, हे दिल्लीकरास सांगावयास नको. तीच वीज रॅमला मारक ठरू शकते. म्हणून आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा. पेटीला हात लावताच बोटांना झिणझिण्या येत असतील, तर घराचे अर्थिंग सदोष असण्याचा संभव आहे. तेथे संगणकाचा कारागीर नव्हे, विजेचा मिस्त्री बोलवावा. आणि लेझर छपाईयंत्र यूपीएसला कधीही जोडू नये, ते तापताना एकदम फार वीज ओढते.

एवढे करूनही यंत्र मंदच राहिले, तर दोष बहुधा हार्ड डिस्कचा असतो. मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या त्या तबकड्यांवरून माहिती शोधून आणावयास वेळ लागतो. तिच्या जागी एसएसडी बसविली, की तेच यंत्र मिनिटाच्या आत उठून बसते. तिच्यात फिरणारा भागच नसतो. रॅम ४ जीबी असेल तर ती ८ करावी. यापेक्षा अधिक खर्च जुन्या यंत्रावर करू नये, असे माझे मत आहे. जुनी डिस्क निरोगी असेल तर छोट्या डबीत घालून तिच्यावर घरातील छायाचित्रांची व कागदपत्रांची दुसरी प्रत ठेवावी. परंतु ती ‘टक्टक्’ असा आवाज करू लागली असेल, तर इतर सारे सोडून आधी तिच्यावरील माहिती उतरवून घ्यावी. आजोबांच्या एकसष्टीची छायाचित्रे कोणत्याही बाजारात विकत मिळत नाहीत.

हे सुटे भाग घ्यावयास दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेससारखे दुसरे ठिकाण नाही. २०१० पासून मेट्रोची व्हायलेट मार्गिका तेथे जाते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. जुनी रॅमपट्टी बरोबर न्यावी, कारण डीडीआर ३ आणि डीडीआर ४ यांच्या खाचा निराळ्या जागी असतात व एक दुसरीच्या जागी बसत नाही. चार दुकानांत भाव विचारावा, आणि वस्तूचा अनुक्रमांक लिहिलेले पक्के बिल घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत. पदपथावरच्या स्वस्त पेन ड्राइव्हपासून दूर राहावे. त्यांतील काही आपली क्षमता खोटीच सांगतात, आणि भरलेली माहिती नाहीशी झाल्यावरच ते उमगते.

राहिला प्रश्न प्रणालीचा. विंडोज ११ नाकारणाऱ्या यंत्रावर लिनक्स विनामूल्य चालते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेने ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली सिद्ध केली असून तीत मराठीची सोय आहे. काही हिशेबाच्या वा डिजिटल स्वाक्षरीच्या आज्ञावली मात्र विंडोजवाचून अडतात. म्हणून पुष्कळशा लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवरून, काहीही न पुसता, आधी चालवून पाहता येतात, त्या सवलतीचा लाभ घ्यावा.

आणि यंत्र खरोखरच संपले असेल तर? कबाड्याने नेलेला संगणक अनेकदा ईशान्य दिल्लीतील सीलमपूर भागात पोहोचतो. तेथे तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, सोन्याच्या कणांसाठी मदरबोर्ड तेजाबात बुडविले जातात. त्यांतील शिसे व तो धूर तेथील कामकऱ्यांच्या आणि मुलांच्या वाट्यास येतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुन्या वस्तूंच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा उत्पादकाच्या संग्रहकेंद्राकडे अथवा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच यंत्र सोपवावे. देण्यापूर्वी डिस्क काढून घ्यावी. नुसत्या पुसलेल्या फाइली जाणकारास परत मिळविता येतात, आणि त्यांत आपल्या बँकेचे कागद असू शकतात.