तांबडा दिवा आणि कलम १९०

चावी फिरवताच मालट्रकच्या डॅशबोर्डावरील इशाऱ्याचे दिवे क्षणभर उजळतात आणि सारे काही ठीक असल्यास इंजिन सुरू झाल्यावर विझतात. या उजळण्याला केवळ शोभा समजणारे पुष्कळ आहेत, परंतु दिवा शाबूत असल्याची खातरजमा त्यातच होत असते, आणि जो दिवा त्या क्षणीही पेटत नाही त्याच्याविषयी, पेटून राहणाऱ्या दिव्यापेक्षाही, अधिक संशय बाळगावा. बल्ब काढून ठेवून किंवा वर काळी चिकटपट्टी डकवून कटकट मिटवणारे महाभाग असतातच.

तांबडा दिवा गाडी सुरक्षित जागी तत्काळ थांबवण्यास सांगतो. पिवळा थोडी मुदत देतो, परंतु दुर्लक्षाची मुभा देत नाही. तांबड्यांमध्ये अत्यंत गंभीर तो हवेच्या दाबाचा. अवजड गाड्यांचे ब्रेक टाकीत साठवलेल्या दाबाच्या हवेवर चालतात आणि ती हवा इंजिनाच्या गतीवर फिरणारा कॉम्प्रेसर भरतो. मुंबईकडे जाताना बोरघाटाच्या उतारावर, थोडे डिझेल वाचावे म्हणून, गाडी न्यूट्रलवर सोडली म्हणजे इंजिनाचा रोध नाहीसा होतो, सर्व भार ब्रेकच्या लायनरवर येऊन ते तापतात, पुनःपुन्हा ब्रेक दाबल्याने टाकीतील हवा खर्च होते, आणि इंजिन मंद फिरत असल्यामुळे ती तितक्या त्वरेने भरूनही निघत नाही. असा तांबडा दिवा बझरसह प्रकट होतो तेव्हा चालकाच्या हाती फारसा अवकाश उरलेला नसतो.

पिवळ्या दिव्यांचे प्रस्थ १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाल्यावर वाढले. धुरातील नायट्रोजन ऑक्साइड निरुपद्रवी करण्यासाठी अनेक मालट्रकांत ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असे द्रावण लागते. तेच बाजारात ॲडब्लू या नावाने ओळखले जाते. ते संपले, किंवा काटकसरीपायी त्यात साधे पाणी ओतले, तर सेन्सर प्रथम दिव्याने इशारा देतात आणि तोही मानला नाही तर इंजिनाची ताकदच कमी करतात.

रस्त्यावर परिवहन खात्याचे वायुवेग पथक गाडी अडवते तेव्हा पुढे होतात ते कागद: परवाना, विमा, पीयूसी आणि योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सर्वत्र पासिंग म्हणतात ते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन-दोन वर्षांसाठी आणि पुढे दरवर्षी घ्यावे लागते. हे दस्तऐवज आवश्यकच आहेत. तथापि पासिंगच्या दिवशी निर्दोष असलेली गाडी सहा महिन्यांनी तशीच असेल याची हमी कोणता कागद देणार? निरीक्षकाने कागदांबरोबर एकदा चावी फिरवून दिवेही पाहावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १९० या संदर्भात मननीय आहे. जो दोष ठाऊक होता, किंवा सामान्य काळजी घेतली असती तर ठाऊक झाला असता, अशा धोकादायक दोषासह गाडी चालवणे दंडनीय आहे. पेटलेल्या दिव्यासमोर अज्ञानाची सबब टिकणे कठीण. दुरुस्तीचा खर्च मंजूर करणे बहुधा मालकाच्या हाती आणि रस्त्यावरचा जाब मात्र चालकाच्या वाट्याला, अशी आपली रीत आहे. कायद्याची भाषा मात्र तशी नाही. अशी गाडी जो चालवतो त्याच्याबरोबर जो ती चालवू देतो तोही त्या कलमाखाली दोषी ठरतो.