चोथ्यातला रस

आवळ्याचा कीस फडक्यात घालून पिळण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना मनगट कसे भरून येते हे सांगायला नको. एवढे करूनही फडक्यातला चोथा ओलाच राहतो, आणि तो ओलावा म्हणजे आपण उकिरड्यावर टाकलेला रस. गोंदियाजवळच्या आमच्या नागऱ्यात आणि आसपासच्या गावांत आवळा, हिरडा, बेहडा, अडुळसा यांना तोटा नाही. तोटा आहे तो त्यांच्यातले सत्त्व घरच्या घरी काढण्याच्या साधनाचा. असे एक साधे दाबयंत्र मी गावातल्या वेल्डरकडून करून घेतले आणि वापरतो. त्याविषयी आज सांगणार आहे.

वनस्पती दाबून रस काढणे ही काही नवी गोष्ट नव्हे. ताजी वनस्पती कुटून, फडक्यातून पिळून जो रस निघतो, त्याला आयुर्वेदात स्वरस म्हणतात. अडुळशाची पाने मात्र नुसती कुटून फारसा रस देत नाहीत. म्हणून शार्ङ्गधरसंहितेत पुटपाकाची रीत सांगितली आहे. पानांचा गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा, विस्तवात भाजायचा आणि मग पिळायचा. उष्णतेने पानातल्या पेशी फुटतात आणि रस मोकळा होतो. जंगलपट्ट्यातले आदिवासी मोहाच्या बिया कुटून, वाफवून दोन जाड लाकडांमध्ये दाबतात आणि तेल काढतात. त्यामागचे तत्त्वही हेच आहे. आधी मऊ करा, मग दाबा.

आता यंत्राकडे वळू. त्याचा जीव म्हणजे गाडी उचलण्याचा दोन टनी बाटली-जॅक. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंना सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो. त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचे पेटंट जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ साली घेतले. आपला जॅक त्याच घराण्यातला.

लोखंडी चॅनलची एक चौकट करावी. ७५ मिलिमीटरचे चॅनल आणि आतली रुंदी साधारण ४० सेंटीमीटर पुरे. कोपरे बोल्टने आवळून वर वेल्डिंग करावे. जॅक खालच्या चॅनलवर उभा ठेवावा. त्यावर जाड पत्रा, पत्र्यावर तोटी असलेले स्टीलचे ताट आणि ताटात बारीक भोके पाडलेला स्टीलचा डबा. डब्यातल्या लगद्यावर स्टीलची चकती आणि चकतीवर वरच्या चॅनलला टेकेल असा लाकडी ठोकळा. जॅक वर चढला की डबा वर जातो, ठोकळा जागचा हलत नाही आणि मधला लगदा दबतो. जॅक वर ठेवून खाली दाबण्याचा मोह होईल, पण तो टाळावा. जॅकमधून तेल गळले तर ते रसात पडते. शिवाय बहुतेक बाटली-जॅक उलटे चालत नाहीत.

डबा फार मोठा करू नये. १५ सेंटीमीटर व्यासाच्या चकतीवर दोन टनांचा भार म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ११ किलो. चकती १० सेंटीमीटरची केली तर तोच दाब २५ किलोंवर जातो. डबा लहान, तर दाब जास्त.

रसाला लागणारा प्रत्येक भाग स्टीलचाच हवा. हिरडा आणि आवळा यांतले तुरट द्रव्य लोखंडाशी मिळाले की काळे पडते. जुन्या काळी हिरड्यापासून शाई करत, ती याच गुणामुळे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही नको, कारण आंबट रसात जस्त उतरते.

लगदा अगदी चटणीसारखा वाटू नये, फडक्याची छिद्रे बुजतात. जाडसर कुटून मांजरपाटाच्या फडक्यात पातळ थर करावा. दोन दांडे मारावेत, थांबावे, रस वाहू द्यावा, पुन्हा दोन दांडे. घाई केली तर बाहेरचा थर घट्ट होऊन आतला रस अडकतो आणि फडके फाटते. काढ्याचा चोथाही असाच दाबावा, त्यात बराच काढा अडकून राहिलेला असतो. दाबलेला आवळ्याचा चोथा उन्हात लवकर वाळतो आणि त्याची पूड कामी येते.

दोन टन म्हणजे थट्टा नव्हे. डबा तिरका झाला की लगेच दाब सोडावा. ठोकळ्याला चीर दिसली तर तो बदलावा. दाब असताना चेहरा चौकटीसमोर आणू नये, मुलांना लांब ठेवावे.

आणखी एक गोष्ट. यंत्र रस काढते, तो कोणी आणि किती घ्यावा हे ठरवत नाही. वनस्पतीची ओळख पक्की हवी, औषध म्हणून घेताना वैद्याचा सल्ला हवा. ताजा रस लवकर आंबतो, तेव्हा तो त्याच दिवशी संपवावा. बचत गटांना रस विकायचा असेल तर अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी आणि औषध म्हणून विकायचा तर औषध परवाना आवश्यक आहे. ही कटकट वाटेल, पण पिणाऱ्याचा विश्वास त्यावरच उभा राहतो.

आमच्या भागातला रानमेवा पोत्यांनी भरून बाहेर जातो आणि बाटलीतून दसपट भावाने परत येतो, असे आपण नेहमी म्हणतो. ती बाटली भरण्याची पहिली पायरी एका चौकटीएवढी आणि एका जॅकएवढी आहे. गावातला कोणताही वेल्डर ती दोन दिवसांत उभी करू शकेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)